सहावी ते आठवीच्या मुलांना 'पटवून देणं' कसं शिकवायचं

१ ऑगस्ट जवळ आला की सांगली जिल्ह्यातल्या आमच्या वाळवा तालुक्यात शाळाशाळांतून भाषणांची तयारी सुरू होते. लोकमान्यांची पुण्यतिथी आणि वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंची जयंती एकाच दिवशी येते. मुलं घरून भाषण लिहून आणतात. बहुतेक वेळा ते घरातल्या कुणीतरी लिहून दिलेलं असतं. "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथून जे सुटतं ते "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" इथंच थांबतं. मध्ये एखादी ओळ निसटली की मूल पुन्हा 'सन्माननीय व्यासपीठा'पासून सुरू करतं. पहिली काही वर्षं मीही अशीच भाषणं बसवून घेतली. पाठांतराला माझा विरोध नाही, त्यानं भीड चेपते, आवाज मोकळा होतो. पण त्या भाषणात मुलाला कुणाला काही पटवायचं नसतं आणि ऐकणाऱ्यालाही काही ठरवायचं नसतं.

हीच मुलं घरी सहलीची परवानगी कशी काढतात ते विचारून बघा. आधी आजीला गाठायचं. उसाचं बिल जमा झालेल्या दिवशी विषय काढायचा. "शेजारच्या काकूंनी पण पाठवलंय" असा दाखला द्यायचा. "पैसे नाहीत" असं उत्तर येणार हे ओळखून "दिवाळीला कपडे नकोत" हे आधीच सांगून टाकायचं. समोरचा कोण, त्याला काय अडतंय, कोणत्या वेळी बोलायचं, हे सगळं त्यांना येतं. वर्गात आपण ते बाहेर ठेवायला लावतो. नव्यानं मराठी शिकवायला लागलेल्या शिक्षकांसाठी हा लेख आहे, आणि घरची ही हुशारी वहीत आणि फळ्यासमोर कशी आणायची एवढंच यात आहे. मला साधारण आठ आठवडे लागतात, आठवड्याला दोन तासिका. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू करा. का, ते पुढं कळेल.

पहिली पायरी: कुणाला पटवायचंय?

विषय फळ्यावर लिहिण्याआधी माणूस लिहा. सरपंच, मुख्याध्यापिका, आई, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, साखर कारखान्याचे शेती अधिकारी. मग एकच प्रश्न विचारा: हा माणूस उद्या सकाळी 'हो' किंवा 'नाही' म्हणू शकेल असं आपल्याला काय हवंय?

या चाळणीतून 'प्रदूषण एक समस्या' खाली पडतं. 'मोबाईल शाप की वरदान' हेही पडतं, कारण त्यावर हो म्हणून कुणी काही करू शकत नाही. उरतं ते लहान आणि ठाशीव असतं: ग्रंथालयाची पेटी मधल्या सुट्टीत उघडी ठेवावी, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी बसवावी, शनिवारी दप्तराविना शाळा असावी. मुलांना आधी हे विषय किरकोळ वाटतात. कडी खरोखर बसली की वाटेनासे होतात.

बोलण्याच्या सरावासाठी मी एक विषय दरवर्षी ठेवते. आमच्या जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ साली त्या गावानं ठरवलं की संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवायचा, आणि पुढचा दीड तास घरातले टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचे. मुलांनी अभ्यास करावा, माणसांनी एकमेकांशी बोलावं, हा त्यामागचा हेतू. प्रश्न असा: आपल्याही गावात असा भोंगा वाजावा का? पटवायचंय ग्रामसभेला. या विषयावर सहावीतलं एकही मूल गप्प बसत नाही.

दुसरी पायरी: मत, कारण, दाखला आणि 'मग इथं काय?'

मुलांना मत मांडता येतं. कारण विचारलं की ती मतच जरा मोठ्या आवाजात पुन्हा सांगतात. "भोंगा पाहिजे." का? "कारण भोंगा चांगला असतो." हे सुटायला दोन-तीन तासिका जातात, जाऊ द्या.

याचा उत्तम साचा आपल्याच घरात आहे. वाईला विश्वकोशाचं काम उभं करणाऱ्या, त्याच्या पहिल्या प्रमुख संपादकांच्या, लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नावाआधी 'तर्कतीर्थ' लागतं. ती न्यायशास्त्रातली, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातली पदवी. त्या न्यायशास्त्रात दुसऱ्याला एखादी गोष्ट पटवायची तर पाच पायऱ्या सांगितल्यात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. शब्द अवघड आहेत, पण उदाहरण आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगराला वणवा लागतो. डोंगरावर विस्तव आहे. कशावरून? धूर दिसतोय. जिथं धूर तिथं विस्तव, जशी आपली चूल. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तिथं विस्तव आहे.

मुलांना मी नावं सोपी करून देते: मत, कारण, दाखला, 'मग इथं काय?', आणि 'म्हणून'. यातली चौथी पायरी, म्हणजे उपनय, हीच मुलं हमखास गाळतात. मोठी माणसंही गाळतात. "वडगावात भोंगा वाजतो, म्हणून आपल्याकडंही वाजावा." मध्ये काहीच नाही. वडगाव आणि आपलं गाव सारखं आहे का? किती घरांत सहावी ते दहावीची मुलं आहेत? सातला घरी कोण असतं, कोण नसतं? हा प्रश्न विचारला की वर्गात एकदम शांतता होते आणि मग खरी चर्चा सुरू होते.

दाखल्याबद्दल एक नियम करा: ऐकलेल्यापेक्षा मोजलेलं वरचढ. "खूप मुलं मोबाईल बघतात" असं कुणी म्हटलं की वही हातात द्या आणि पाठवा. आपल्या गल्लीतल्या १० घरांत संध्याकाळी ७ ते ८ काय चालतं ते विचारून लिहून आणायचं. तपशील नावांशिवाय हवा, कुणाच्या घरचं उणं वर्गात वाचायचं नाही, हेही आधीच बजावा.

तिसरी पायरी: खुर्ची बदला

सगळ्या आठ आठवड्यांतलं काहीही वगळलंत तरी चालेल, ही पायरी वगळू नका.

आपल्याकडं जुनी शिस्त होती, आधी पूर्वपक्ष मांडायचा. म्हणजे समोरच्याचं म्हणणं, तो स्वतः "हो, मला असंच म्हणायचं होतं" म्हणेल इतकं नीट सांगायचं, आणि मग आपलं उत्तर द्यायचं. वर्गात मी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवते. एकीवर पटवणारा, दुसरीवर ज्याला पटवायचंय तो. तीन मिनिटं बोलायचं. मग खुर्च्या बदलायच्या आणि आता स्वतःच्याच मताला विरोध करायचा.

सातवीतल्या एका मुलीनं भोंग्याच्या बाजूनं फार तडफेनं बोलून झाल्यावर खुर्ची बदलली. आता ती ग्रामसभेला आलेले आजोबा होती. पाय पसरून बसली, डोक्यावर नसलेली टोपी सारखी केली आणि म्हणाली, "सातला भोंगा वाजवताय व्हय? आन् डेरीत दूध कोण घालायचं? पोरगा सातलाच जातोय किटली घिऊन. फोन बंद ठिवला तर म्हशीच्या डॉक्टरला बोलवायचं कुणी?" वर्ग हसला. ती हसली नाही. थोडा वेळ त्याच खुर्चीत बसून राहिली आणि मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, "बाई, आमच्या गावात आठला पाहिजे भोंगा. आणि दवाखान्याचा फोन चालू."

मला त्या दिवशी जे शिकवायचं होतं ते तिनं स्वतःच शोधलं होतं. विरोध ऐकल्यामुळं तिची मागणी पातळ झाली नाही, उलट जमण्यासारखी झाली. खुर्ची बदलल्यावर मुलांना हे तीन प्रश्न विचारा: समोरच्याचं कोणतं म्हणणं खरं आहे? ते खरं धरून आपली मागणी कुठं बदलावी लागेल? आणि त्याचं कोणतं म्हणणं चूक आहे, ते आपण मोजून दाखवू शकतो का?

एखादं मूल खुर्ची बदलल्यावर मूळ मतावर परतायलाच तयार होत नाही. "मला आता तेच पटलं," असं म्हणतं. त्याला शाबासकी द्या, सगळ्यांसमोर द्या. मत बदललं म्हणजे हरलं, असं वर्गाला एकदा वाटलं की पुढं कुणी कुणाचं ऐकत नाही.

आणि रागवायची वेळ आली तर इथं रागवा: बोलणाऱ्याच्या घरावर, जातीवर, दिसण्यावर, वडिलांच्या कामावर कुणी गेलं तर तासिका तिथंच थांबवायची. म्हणणं खोडायचं, माणूस नाही. पहिल्याच आठवड्यात एकदा खरोखर थांबवलंत की पुन्हा वेळ येत नाही.

मधला एक वाचनाचा तास

"बारा-तेरा वर्षांच्या पोरांना हे झेपतं का?" असं सहकारी विचारतात. त्यांच्यासाठी आणि मुलांसाठी मी ३ जानेवारीच्या आसपास एक तास राखून ठेवते. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात नायगावला १८३१ साली याच दिवशी सावित्रीबाई फुले जन्मल्या. फुले दांपत्यानं पुण्यात चालवलेल्या शाळेत मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती.

निबंधातले निवडक उतारे वाचून दाखवा आणि मुलांना तिची युक्ती शोधायला सांगा. वेद ही आमचीच मालमत्ता आहे, असं ब्राह्मण म्हणतात. हे त्यांचं म्हणणं ती खोडत बसत नाही. तेच खरं धरते आणि विचारते, मग आमच्यापाशी धर्मपुस्तकच नाही हे उघड झालं की नाही? विरोधकाच्याच वाक्यावर उभं राहून ती त्याला निरुत्तर करते. आपण खुर्ची बदलून जे शिकतोय ते एका मुलीनं पावणेदोनशे वर्षांपूर्वी केलं होतं, हे कळल्यावर आठवीच्या मुली ताठ बसतात. मी दरवर्षी पाहते.

चौथी पायरी: पत्र

आता लेखन. निबंध नको, पत्र घ्या. पत्राला वाचणारा असतो.

दिवाळीनंतर सुरू करा असं म्हटलं ते यासाठी. गळीत हंगाम लागला की शाळेसमोरून उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. शनिवारी सकाळची शाळा. डिसेंबर-जानेवारीत मुलं निघतात तेव्हा पुरतं उजाडलेलं नसतं आणि पुढं चाललेल्या ट्रॉलीला मागं रेडियमची पट्टी नसली तर ती दिसतच नाही. मुलांनी पहिल्या खेपेला लिहिलेलं पत्र साधारण असं असतं:

"महोदय, उसाच्या ट्रॉल्या फार बेशिस्तपणे चालतात. त्यामुळे आमचा जीव धोक्यात आला आहे. तरी आपण त्वरित योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती."

शुद्धलेखनाची एकही चूक नाही, पण उपयोगही नाही. लाल पेन खाली ठेवा आणि वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसवून मुलांना विचारा: तुम्ही शेती अधिकारी आहात, हे वाचून आता नेमकं काय करणार? 'योग्य ती कार्यवाही' म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यालाच माहीत नसतं. मग वर्गाला फाटकाच्या आत उभं करून मोजायला लावा. आपण स्वतः सोबत थांबायचं, एकही मूल रस्त्यावर जाता कामा नये. चार वेळा लिहून झाल्यावर पत्र कुठं पोचतं पाहा. आकडे इथं नमुन्यादाखल घेतलेत:

"आमची शाळा रस्त्याला लागून आहे. शनिवारी आम्ही पावणेसातला घरून निघतो, तेव्हा अंधार असतो. दोन शनिवार आम्ही फाटकातून मोजले. गेलेल्या २३ ट्रॉल्यांपैकी १४ ट्रॉल्यांना मागे रेडियम नव्हते. ट्रॉलीवाल्या काकांना लवकर नंबर लावायचा असतो हे आम्हाला माहीत आहे. आमच्यापैकी तिघांच्या घरी ट्रॅक्टर आहे. पण काट्यावर ट्रॉली वजनासाठी थांबतेच. तिथेच पट्टी चिकटवून दिली तर कुणाचाही खोळंबा होणार नाही. ही सोय पुढच्या शनिवारच्या आत व्हावी, अशी आमची विनंती आहे."

दोन्ही पत्रं फळ्यावर शेजारी लिहा आणि एकेका वाक्याला विचारा, हे कशासाठी आहे? "तिघांच्या घरी ट्रॅक्टर आहे" हे वाक्य मुलांना आधी फालतू वाटतं. पण त्यामुळंच वाचणाऱ्याला कळतं की ही पोरं ट्रॉलीवाल्यांच्या विरोधात नाहीत, त्यांच्यातलीच आहेत. अॅरिस्टॉटलनं पटवण्याच्या तीन वाटा सांगितल्या: बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या मनातली भावना आणि म्हणण्यातला तर्क. इथं अंधारात चालणारी मुलं ही भावना आहे, २३ पैकी १४ हा तर्क आहे आणि घरचा ट्रॅक्टर हा विश्वास. काटा सुचवणारं वाक्य तर मला सगळ्यात आवडतं, कारण 'हो' म्हणायला समोरच्याला सोपं जावं याचा त्यात विचार आहे.

ऱ्हस्व-दीर्घ शेवटच्या खर्ड्यात तपासा. पहिल्या खर्ड्यावर लाल खुणा केल्या की मूल विचार आखडतं घेतं, चुका होणार नाहीत एवढंच लिहितं.

पाचवी पायरी: उभं राहून बोलणं

लिहिलेलं वाचायचं नाही आणि पाठही करायचं नाही. तळहाताएवढी चिठ्ठी द्या. तिच्यावर चार शब्दांपेक्षा जास्त लिहायला बंदी. 'अंधार, १४, काटा, शनिवार.' एवढ्यावर दोन मिनिटं बोलायचं. पहिल्या दिवशी पाऊण मिनिटात संपतं, संपू द्या. तिसऱ्या खेपेला दोन मिनिटं कमी पडतात.

भाषा कोणती, हा प्रश्न येणारच. पत्र कार्यालयात जाणार, तिथं प्रमाण मराठी हवी. बोलताना मुलाची बोली हीच त्याची ताकद आहे, ती काढून घेऊ नका. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, ज्यांनी १९४३ च्या सुमाराला याच भागात प्रतिसरकार उभं केलं, ते गावाकडच्या रांगड्या बोलीत बोलत आणि हजारो माणसं बसून ऐकत. 'हाय' म्हणणाऱ्या मुलाला 'आहे' म्हण म्हणून मध्येच तोडलं की तो पुढचं कारण विसरतो आणि पुढच्या वेळी हातच वर करत नाही. मी हे करून पस्तावले आहे.

आवाजासाठी एकच कसोटी पुरते: शेवटच्या बाकावरच्या मुलानं हात वर केला म्हणजे ऐकू येतंय. हातवारे शिकवायच्या भानगडीत पडू नका. आकडा सांगितल्यावर एक श्वास थांबायला मात्र शिकवा. "तेवीसपैकी चौदा." थांबायचं. समोरच्याला तो आकडा मनात ठेवायला तेवढा वेळ लागतो.

लाजाळू मुलांना आधी एकाच मैत्रिणीसमोर, मग चौघांच्या गटात, मग वर्गासमोर आणा. काही जण वर्षभरात वर्गासमोर येतच नाहीत. त्यांना प्रश्न विचारणारा ग्रामसेवक किंवा टिपणं घेणारा चिटणीस करा. चांगला अडवणारा प्रश्न काढणं हेही पटवण्याचंच शिक्षण आहे.

फसवणूक ओळखायचा एक तास

पटवायला शिकवलं की फसवायलाही शिकवलं जातं, ही धास्ती मला वाटते. म्हणून एक तासिका यावर खर्च करा. फेअरनेस क्रीमची एखादी जाहिरात आणि 'हा मेसेज दहा जणांना पाठवा' छापाचा एक निरोप फळ्यावर लिहा. मत कुठंय, कारण कुठंय, दाखला कुठंय? मुलांना दिसतं की नुसती भीती किंवा नुसता हव्यास आहे, मधलं काहीच नाही. मग तीच चाळणी त्यांच्या स्वतःच्या पत्राला लावा. 'आमचा जीव धोक्यात' हे वाक्य बहुतेक वेळा तिथंच गळून पडतं.

गुण देताना

वेगळा तक्ता करायची गरज नाही. मी चार गोष्टी बघते: मागणी नेमकी आहे का, दाखला स्वतः मिळवलाय का, समोरच्याचं म्हणणं प्रामाणिकपणे आलंय का, आणि पहिल्या खर्ड्यापासून शेवटच्यापर्यंत काय बदललं. चौथ्याला सगळ्यात जास्त गुण. त्यासाठी सगळे खर्डे पिन मारून एकत्र ठेवायला लावा.

शेवटची पायरी: पत्र खरोखर द्या

इथं अनेक शिक्षक थांबतात. पत्र तपासतात, गुण देतात, वही कपाटात जाते. मुलांना मग कळून चुकतं की हेही भाषणासारखंच होतं.

मुख्याध्यापकांची परवानगी आधीच घ्या आणि पत्र त्यांच्या सहीनं पाठवा. दोन प्रती काढा. चार-पाच मुलांना बरोबर घेऊन कार्यालयात जा. आवक-जावक म्हणजे काय ते तिथंच दाखवा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आमची मुलं पहिल्यांदा गेली तेव्हा खिडकीतल्या क्लार्कभाऊंनी पत्र वरून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "ह्या ट्रॉल्या तुम्ही स्वतः मोजल्या काय?" पुढं उभ्या असलेल्या मुलानं दप्तरातून मोजणीची वही काढली आणि उघडून समोर धरली. शिक्का बसला. तो शिक्का मुलांनी परत येताना तीनदा बघितला.

उत्तर येईलच असं नाही. पंधरा दिवस वाट बघा आणि मग वर्गात स्मरणपत्र लिहायला घ्या. त्यात रागाचं वाक्य घालायचा मोह मुलांना होतो. तेव्हा पुन्हा दोन खुर्च्या मांडा. एकीवर मुलं, दुसरीवर ज्यांच्या टेबलावर हंगामात रोज पत्रांचा गठ्ठा येतो ते अधिकारी. स्मरणपत्रात तारीख, पोचेचा क्रमांक आणि या पंधरा दिवसांतली नवी मोजणी, एवढं पुरतं. काही ट्रॉल्यांना पट्टी लागलेली दिसली असेल तर तेही लिहायला लावा, आणि पहिल्याच ओळीत.